मुखेड ते टोरोंटो: वहीतली एक दुरुस्ती

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्षा आणि आमच्या नांदेडच्या विमान-तिकीट ऑफिसच्या मालकीण आदरणीय राजश्रीताई, ज्यांच्यासाठी आपण सगळे कामधंदा बाजूला ठेवून जमलो ते सत्कारमूर्ती लालमहंमदचाचा, फोटोसाठी तीनदा बोलावूनही मधल्या खुर्चीवर न आलेल्या खातूनबी चाची, ग्राहकांच्या वतीने मुखेडहून आलेले गुरुलिंग सर, आमच्या लातूर शाखेचे मिहिरदादा, पहिल्या रांगेत बसलेल्या सरांच्या मातोश्री पार्वतम्मा, आणि नांदेडसह लातूर, उदगीर, देगलूर अशा गावोगावहून आलेल्या प्रवासी बंधुभगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

माझं नाव सुदर्शन. गाव उमरी. शिक्षण अकरावी. बारावीचा फॉर्म भरला होता, परीक्षेला बसलो नाही. हे आधीच सांगतो, कारण सूत्रसंचालकांनी आत्ता ‘आमचे उच्चविद्याविभूषित सहकारी’ अशी माझी ओळख करून दिली. ती दुरुस्त केल्याशिवाय मला पुढचं वाक्य बोलता आलं नसतं. त्यांचा हेतू चांगला होता, पण नोंद चुकीची होती.

मला सात मिनिटं दिली आहेत. भाषण लिहून आणलंय, चार पानं. काल घरी घड्याळ लावून तीनदा वाचलं. सहा मिनिटं चाळीस सेकंद लागतात. पण अर्ध्या तासापूर्वी गुरुलिंग सरांचं भाषण झालं आणि मी माझ्या भाषणातलं तिसरं पान घडी करून खिशात घातलं. तिसऱ्या पानावर चाचांच्या स्वभावाचं वर्णन होतं. ते चांगलं जमलं होतं. त्याच्या जागी काय बोलणार आहे, ते ओघात येईलच.

मंडळी, आपल्यापैकी प्रत्येकाने आमच्या काउंटरवर येऊन कधी ना कधी एक प्रश्न विचारला असेल. कोणता? ‘किती लांब आहे हो?’ कोणाला जेद्दाह, कोणाला सिंगापूर, कोणाला मेलबर्न. आता मी मशीनसमोर बसणारा माणूस. मला असं विचारलं की मी किलोमीटर सांगायचो. हैदराबाद ते टोरोंटो, सरळ रेघ ओढली तर सुमारे बारा हजार नऊशे किलोमीटर. आखातात उतरून गेलात तर पावणेचौदा हजाराच्या घरात. माणूस ‘अरे बापरे’ म्हणायचा आणि पुन्हा तोच प्रश्न विचारायचा, ‘म्हणजे किती लांब?’

पहिल्याच आठवड्यात चाचांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, “मास्तर,” (अकरावीवाल्याला मास्तर म्हणायची त्यांची ही पद्धत) “मास्तर, किलोमीटर विमानाला लागतात. माणसाला तास लागतात. तास सांगत जा.”

आणि ड्रॉवरमधून त्यांनी वही काढली. ही वही. लाल कापडी पुठ्ठा, कोपरे चिकटपट्टीने बांधलेले. आमच्या ऑफिसात हिला ‘उंबरावही’ म्हणतात. इथल्या बऱ्याच जणांचं नाव हिच्यात आहे, म्हणून मी आज ती सोबत आणली. परवानगी राजश्रीताईंची घेतली आहे, चाचांची घेतलेली नाही.

ही वही तेहतीस वर्षांची. पद्धत अशी, की प्रवासी निघाला की चाचा त्याला दोन गोष्टी सांगणार. एक, पोहोचेपर्यंत मनगटावरच्या घड्याळाला हात लावायचा नाही. दोन, तिकडच्या घराचा उंबरा ओलांडला की ऑफिसला फोन करायचा आणि आपल्या उंबऱ्यापासून त्या उंबऱ्यापर्यंत किती तास झाले ते सांगायचं. कंपनी विमानाचे तास छापते. आपल्या गावापासून विमानतळापर्यंतचे, रांगेतले, बॅगेची वाट बघण्यातले, जावई उशिरा येण्यातले तास कोणी छापत नाही. ते या वहीत आहेत. चाचांचं एक वाक्य आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे: “घड्याळ गाव बदललं की जबान बदलतं. तास बदलत नाही.”

यात थोडी भांडणंही आहेत. चाचा आणि चाची उमराहला गेले, त्या एकाच प्रवासाच्या वहीत दोन नोंदी आहेत. चाचांची एकोणीस तास, चाचींची वीस. असं कसं? चाचींचं म्हणणं, “मी चपला घालून उंबऱ्यावर तासभर उभी होते. हे आत कुलूप शोधून राहिले होते. तो तास कोणाचा?” चाचांनी मुकाट्याने दुसरी नोंद केली. आणि आज मिहिरदादा लातूरहून साडेचार तासांनी पोहोचले, ज्या रस्त्याला सगळं जग तीन तास म्हणतं. मधे चहाला थांबलो असं ते सांगतात. तीही नोंद झाली आहे, मिहिरदादा. कार्यक्रम त्यामुळे उशिरा सुरू झाला, हे मी लिहिलेलं नाही.

आता सरांच्या भाषणाकडे येतो.

सरांनी फार मनापासून भाषण केलं. शिक्षकाची वाणी आहे, आम्ही ऐकत राहावं अशी. त्यात एक वाक्य आलं. “तेहतीस वर्षांत आमच्या आईच्या वेळची ती एक चूक सोडली, तर लालमहंमदचाचा म्हणजे अचूकपणाचं दुसरं नाव.” सभागृह हसलं. सरही हसले, त्यात कडवटपणा नव्हता. चाचा पण हसले आणि त्यांनी हात जोडले.

मंडळी, ते जोडलेले हात मी या बाजूच्या खुर्चीवरून पाहिले. आणि तिसरं पान खिशात घातलं.

ती चूक काय होती, हे नव्या मंडळींना माहीत नसेल. तीन वर्षांपूर्वीचा मे महिना. पार्वतम्मांची लेक मनस्विनीताई टोरोंटोला असते. तिचं पहिलं बाळंतपण. आई निघाल्या एकट्या. वय सदुसष्ट, मधुमेहाची गोळी चालू, विमान पहिल्यांदाच. पार्वतम्मांचा नेम आपल्यापैकी अनेकांच्या घरात असेल: अंघोळ, मग इष्टलिंगाची पूजा, आणि मगच तोंडात घास. विमानात अंघोळ कुठली? म्हणून निघायच्या तीन दिवस आधी, शुक्रवारी दुपारी, त्यांनी ऑफिसला फोन लावला आणि विचारलं, विमानात बसल्यापासून उतरेपर्यंत किती तास?

उत्तर मिळालं, साडेबारा.

“मग काय,” पार्वतम्मा म्हणाल्या, “सोमवार धरल्यावाणी. हैदराबादला पूजा करून खाते, उतरल्यावर लेकीच्या घरी न्हाते, पूजा करते, मग जेवते. मधी काय बी नको.”

लागले बावीस.

पुढची हकीकत त्यांनी नंतर इतक्यांदा सांगितली आहे, की ती मला तोंडपाठ आहे. सकाळी दहाला विमान सुटलं. मनगटावर त्यांच्या यजमानांचं घड्याळ, चाचांच्या नियमाप्रमाणे हात न लावलेलं. आखातात विमान बदललं. घड्याळात रात्रीचे साडेदहा वाजले. साडेबारा तास झाले. आणि खिडकीबाहेर लख्ख ऊन! विमान उतरायचं नाव नाही. पार्वतम्मांनी हवाई सुंदरीला थांबवून विचारलं, “बाई, वाट चुकली का गं?” ती हसली आणि तिने पाणी आणून दिलं. पार्वतम्मांना वाटलं, चुकलीच म्हणायची. त्याशिवाय का कोणी बोलायचं सोडून पाणी देतं!

इथपर्यंत हसण्यासारखं आहे. पुढे नाही. जेवणाची थाळी त्यांनी दोनदा परत केली. गोळी मात्र वेळेवर घेतली, कारण गोळी म्हणजे काही अन्न नव्हे. पहाटे, म्हणजे मुखेडच्या पहाटे, त्या खुर्चीतच शुद्ध हरपून पडल्या. टोरोंटोला उतरल्यावर त्यांना तिथून थेट दवाखान्यात नेलं. आणि त्याच दिवशी मनस्विनीताईंना कळा सुरू झाल्या होत्या. जावई एकटा. एका दवाखान्यात बायको, दुसऱ्यात सासू. ज्या कामासाठी आई चौदा हजार किलोमीटर गेली, ते काम तिच्याविना झालं. नातीचं तोंड त्यांनी तिसऱ्या दिवशी पाहिलं.

देवाच्या कृपेने दोघी सुखरूप. पण सरांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज आज इथे होता तसा नव्हता. “साडेबारा तास कोणी सांगितले? मला नाव पाहिजे!” फोन चाचांनी घेतला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि म्हणाले, “मी सांगितले, सर. गलती मेरी है.”

मंडळी, चाचांनी सांगितले नव्हते.

तो शुक्रवार होता, दुपारची वेळ. चाचा जुम्म्याच्या नमाजला गेले होते. काउंटरवर मी होतो. नोकरीला तिसरा महिना. तिकीट माझ्यासमोर उघडं होतं. निघणार सकाळी दहा, पोहोचणार रात्री साडेदहा, तारीख तीच. मी वजाबाकी केली. निघायची वेळ हैदराबादच्या घड्याळाची आणि पोहोचायची टोरोंटोच्या, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. दोन्ही घड्याळांत साडेनऊ तासांचा फरक आहे, हे मी त्याच महिन्यात पाठ केलं होतं. पण फोनवर कोणीतरी पहिल्यांदाच मला विचारत होतं. चाचांना द्या, असं न म्हणता मला. उत्तर लगेच द्यायचं होतं, आणि ते मी छातीठोक दिलं. ही वही माझ्या उजव्या हाताला, वीतभर अंतरावर पडली होती. हिच्यात टोरोंटोच्या अकरा नोंदी होत्या. मी पुठ्ठाही उघडला नाही.

सर, तुम्हाला नाव पाहिजे होतं. ते नाव सुदर्शन.

त्या दिवशी फोन ठेवल्यावर मला वाटलं, आता चाचा बोलतील. त्यांनी चहा मागवला. दोन कप. म्हणाले, “वही घे. सगळी वाच.” मी संध्याकाळपर्यंत वाचत बसलो. एक हजार एकशे बेचाळीस नोंदी. शेवटच्या पानावर त्यांनी माझ्यासमोर एक ओळ लिहिली. ती मी आज तुम्हाला वाचून दाखवतो: ‘पार्वतम्मा, हैदराबाद ते टोरोंटो, विमान ते विमानतळ. सांगितले साडेबारा. लागले बावीस. चूक: लालमहंमद.’

मी म्हणालो, “चाचा, हे खोटं आहे. मी सरांना जाऊन सांगतो.”

तर म्हणाले, “क्या सांगतो? तू आत्ता सांगितलंस तर उद्या या काउंटरवर तुझ्यासमोर कोण उभं राहील? माझा अंगरखा जुना हाय, मियां. एक डाग पडला तर पडला. तुझा अजून शिवून व्हायचाय.”

आणि मी ऐकलं. त्यांचं ऐकलं म्हणणं सोपं आहे. खरं सांगायचं तर मला ते सोयीचं होतं. उमरीत माझ्या आईने सगळ्या गल्लीला सांगितलं होतं, पोरगा विमानाच्या ऑफिसात लागला. त्यानंतर वर्षभर मुखेडची चार-पाच घरं आमच्याकडे फिरकली नाहीत. ‘लालमहंमद म्हातारा झाला, त्याला आता हिशेब जमंना’ असं बसस्टँडवर बोललं जायचं. ते बोलणं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. मी तिथे उभा होतो, हातात शेंगदाण्याची पुडी होती. बस आली, मी चढलो.

आता कोणी म्हणेल, अरे, समारंभात हे कशाला? निरोपाच्या दिवशी गोड बोलावं. मीही तोच विचार केला. पण मला सांगा, चाचा आज इथून उठून गेले की त्यांच्या तेहतीस वर्षांचं काय उरणार? वही उरणार. आणि या वहीत त्यांच्या नावावर एकच चूक आहे, आणि ती त्यांची नाही. चुकीची नोंद तशीच ठेवून मी हार घालू? उद्यापासून त्यांच्या खुर्चीवर राजश्रीताई मला बसवणार आहेत. ताईंना हे आत्ताच, तुमच्याबरोबरच कळत आहे. त्यांचा निर्णय बदलला तर मला तो मान्य आहे, हे मी माईकवरूनच सांगून ठेवतो. पण मी त्या खुर्चीवर बसलो तर या ओळीवर बसणार नाही.

काय म्हणता? माफ करा, मंडळी, पार्वतम्मा काहीतरी म्हणत आहेत. जरा शांतता… हो, आई, बोला. माईक नको? बरं.

मागच्यांना ऐकू आलं नसेल, म्हणून त्या म्हणाल्या तसंच्या तसं सांगतो. त्या म्हणतात, “लेकरा, मला तव्हाच ठाव होतं. घरच्यांच्या तिकिटापायी लालमहंमदचा आवाज मी वीस वर्सं ऐकून राहिले. फोनवरचा आवाज कोवळा होता आन् लई ऐटीत होता.”

आई, मग तुम्ही सरांना का नाही सांगितलं?

त्या म्हणतात, “लालमहंमदनं सोताच्या अंगावर घेतलं म्हणल्यावर त्याला काहीतरी कारन असंल की. मी मधी कशाला बोलू? म्हणून तर गुरुलिंगाला म्हणलं, पुढचं तिकीट बी तिथंच काढायचं.”

सर, तुम्ही माझ्याकडे बघू नका, आईंकडे बघा. हे मलाही आत्ताच कळतंय.

त्यांचं अजून संपलेलं नाही. हो, आई? त्या म्हणतात, “आता भाषन आटप. जेवायचं हाय. परत उपाशी ठेवतोस का मला?”

बरोबर आहे. सात मिनिटं होऊन गेली. आटोपतो.

राजश्रीताई, जरा पेन देता? मंडळी, मी आपल्या सगळ्यांसमोर ‘लालमहंमद’ या नावावर एक रेघ मारतो. खोडत नाही, वाचता येईल अशीच रेघ मारतो, म्हणजे हे नाव इथे का आलं होतं ते पुढच्या माणसालाही समजेल. त्याच्यापुढे लिहितो: ‘दुरुस्ती. चूक सुदर्शनची.’ आणि आजची तारीख. खाली गुरुलिंग सरांनी सही करावी अशी माझी विनंती आहे. सर… धन्यवाद. सरांनी सहीच्या आधी चाचांना हात जोडले. मगाशी चाचांनी जोडले होते, आता सरांनी. हे वहीत लिहिता येणार नाही, पण पाहिलं सगळ्यांनी.

चाचा, तुम्ही मान हलवून राहिलात ते मला दिसतंय. असू द्या. तुम्ही म्हणाला होतात, अंगरखा शिवून होऊ दे. तीन वर्षं झाली. शिवून झाला. एका डागाने तो फाटत नाही, एवढं शिवणकाम तुम्हीच शिकवलंत.

शेवटचं. येत्या मंगळवारी चाचा आणि चाची त्यांच्या मुलाकडे, यासेरभाईंकडे मेलबर्नला निघताहेत. तिकीट मी काढलं आहे. हैदराबाद ते मेलबर्न, सरळ रेघेने नऊ हजार अडीचशे किलोमीटर. या वेळी घड्याळ उलटं फसवणार आहे, चाचा. तिकडे घड्याळ आपल्या पुढे, त्यामुळे तिकिटावर प्रवास आहे त्याहून मोठा दिसतो. मी वजाबाकी केलेली नाही. वही उघडून बघितली आहे. नांदेड ते मेलबर्नच्या पाच नोंदी आहेत. सर्वांत कमी पंचवीस तास, सर्वांत जास्त एकतीस. त्या एकतीसमध्ये एकाची बॅग हरवली होती. तुम्ही सव्वीस ते अठ्ठावीस धरून चाला. चाची, वाटेत खाऊन घ्या. आणि चाचा, कुलूप आदल्या दिवशीच शोधून ठेवा.

घड्याळाला हात लावू नका. यासेरभाईंचा उंबरा ओलांडलात की ऑफिसला फोन करा. तेहतीस वर्षं हा फोन तुम्ही उचललात. या वेळी काउंटरवर जो कोणी असेल तो उचलेल. मी असेन तर आवाज तुम्ही ओळखालच, पार्वतम्मांनी ओळखला तसा. मी फक्त एकच विचारेन, किती तास झाले? आणि वही उघडून, आत्ता तुमच्यासमोर लिहिलं तसं, नीट लिहीन.

ताईंनी मला बोलू दिलं, सरांनी सही केली, पार्वतम्मांनी तीन वर्षं गप्प राहून आज बोलायची वेळ बरोबर साधली, आणि आपण सर्वांनी जेवणाचा वास येत असतानाही खुर्च्या सोडल्या नाहीत, याबद्दल मी आपला मनापासून आभारी आहे.

भाषणाच्या शेवटी काही उणं-अधिक झालं असल्यास क्षमा मागायची रीत आहे. मी ती मागतो, पण एका अटीवर. माझ्या बोलण्यात जे काही चुकलं असेल ते माझ्या नावावर लिहा. चाचांच्या नको.

नमस्कार.